मामी विचारतात, नाईटमुळंच झालं काय? शरीरातलं घड्याळ आणि जठराचा कॅन्सर

मामांचं ऑपरेशन होऊन आता नऊ महिने झाले. बेळगावात उद्यमबागला एका फाउंड्रीत 22 वर्षं काम केलेला माणूस, त्यातली निम्मी वर्षं तरी नाईट शिफ्ट, कारण भट्टी रात्रीची पण चालूच असते आणि नाईटला वरचे चार पैसे मिळतात. मागच्या वर्षी जेवण जाईना, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं, पँट सैल व्हायला लागली, आणि आम्ही सगळे ॲसिडिटी ॲसिडिटी म्हणत चार महिने गोळ्याच देत बसलो. शेवटी दुर्बीण घातली तेव्हा कळलं.

किमोच्या दुसऱ्या सायकलला मी सोबत गेलो होतो. सलाईन लावून मामा झोपले होते, मामी बाहेर बाकावर बसलेल्या. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला, कुठल्यातरी ग्रुपवर आलेलं फॉरवर्ड, रात्रपाळी केली की शरीरातले घड्याळाचे जीन बिघडतात, त्यानं पोटाचा कॅन्सर होतो आणि असा पेशंट लवकर जातो, वगैरे. मामी म्हणाल्या, "बाळ, ह्येंच्या नाईटमुळंच झालं काय रे? पोराच्या ॲडमिशनच्या टायमाला मीच म्हटले होते, अजून दोन वर्षं नाईट घ्या म्हणून."

मी पीयू कॉलेजला, म्हणजे अकरावी-बारावीला, बायॉलॉजी शिकवतो, हे घड्याळाचं प्रकरण मला तोंडपाठ आहे असं मला वाटत होतं. पण त्या बाकावर मला धड दोन वाक्यं सांगता आली नाहीत. "तसं नसतंय मामी" एवढंच म्हटलं. नंतर बरंच वाचलं, कॉलेजातल्या एका मॅडमशी बोललो, आणि जे नीट समजलं ते इथं लिहितोय, कारण त्या बाकावर बसलेल्या मामी काय एकट्या नाहीत. वडगाव-शहापूरचे माग, हंगामात तीन पाळ्यांनी चालणारे साखर कारखाने, रात्रीची थ्री-फेज लाईट आली की उसाला पाणी सोडायला बॅटरी घेऊन निघणारे शेतकरी, पहाटे पोचणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, आपल्या भागात रात्री जागणारी घरं लई आहेत.

तर आधी घड्याळ म्हणजे काय ते बघू. 1729 साली दे मॅराँ नावाच्या एका फ्रेंच माणसानं लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं. ऊन नाही, तरी ते रोप सकाळी पानं उघडायचं आणि संध्याकाळी मिटायचं. म्हणजे वेळ बाहेरून येत नव्हती, आतच होती. ही आतली वेळ कुठं लिहून ठेवलीय ते कळायला मात्र 1971 उजाडलं. अमेरिकेत कोनोप्का आणि बेन्झर या दोघांनी चिलटं घेतली, पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतात तीच, आणि त्यात तीन विचित्र प्रकार शोधले. एकाचा दिवस 19 तासांचा, एकाचा 28 तासांचा, आणि एकाला दिवस-रात्रीचा पत्ताच नाही. गंमत म्हणजे तिन्ही बिघाड एकाच जीनमधले निघाले, त्याला नाव दिलं पिरियड. पुढं 1984 मध्ये हॉल, रॉसबॅश आणि यंग यांच्या टीमनी तो जीन वेगळा काढला, आणि 2017 चं मेडिसिनचं नोबेल या तिघांना मिळालं.

आता हे चालतं कसं. वर्गात मी टाकीचं उदाहरण देतो. आपल्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही त्यामुळं टाकी, मोटर आणि बॉल हा विषय लहान पोरांना पण पाठ असतो. मोटर चालू झाली, पाणी चढायला लागलं, पाणी चढलं तसा बॉल वर आला, बॉल पूर्ण वर आला की मोटर बंद. मग घरात वापर होतो, पाणी उतरतं, बॉल खाली येतो, मोटर परत चालू. पेशीमध्ये मोटर म्हणजे दोन प्रोटीन, क्लॉक आणि बीमॅल-1, ही जोडीनं काम करतात. ती जी टाकी भरतात त्यातलं पाणी म्हणजे पिरियड आणि क्राय ही प्रोटीनं. पिरियड घराण्यात तीन भाऊ आहेत, पर-1, पर-2, पर-3, आणि क्रायमध्ये दोन. ही प्रोटीनं पुरेशी साठली की तीच जाऊन मोटर बंद करतात, म्हणजे पाणीही तीच आणि बॉलही तीच. मग हळूहळू ती मोडत जातात, टाकी उतरते, मोटर परत सुरू. हा एक पूर्ण फेरा माणसात साधारण 24 तास 10 मिनिटांचा असतो, आणि ती वरची दहा मिनिटं रोज सकाळचा उजेड दुरुस्त करतो.

असं घड्याळ शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत आहे. मग सगळ्यांचा मेळ कोण घालतं? मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, साधारण 20,000 पेशींचा बारीकसा पुंजका आहे, त्याला डोळ्यातून उजेडाची खबर मिळते. कारखान्याचा भोंगा समजा. भोंगा वाजला की गावातले लोक आपापली घड्याळं लावतात तसं. पण जठर आणि लिव्हर यांचं एक वेगळं आहे, ती भोंगा ऐकतात पण त्याहून जास्त ऐकतात जेवणाची वेळ. म्हणजे रात्री दोनला डबा उघडला की डोळ्यासमोरचा अंधार मेंदूला सांगतो रात्र आहे, आणि पोटातली भाकरी जठराला सांगते दिवस आहे. एकाच माणसात दोन वेगवेगळे टाइम. नाईटवाल्यांना जे कायम पोट फुगल्यासारखं, आंबट वर आल्यासारखं वाटतं, त्यात याचा मोठा हात आहे.

जठराच्या घड्याळाबद्दल आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडते. जठरातलं ॲसिड दिवसभर सारखं नसतं. तुम्ही काही खाल्लं नाही तरी रात्री साधारण दहा ते दोनच्या दरम्यान ते सगळ्यात जास्त सुटतं. आणि जठराचं आतलं अस्तर म्हणजे कायमचं प्लॅस्टर नव्हे, त्याच्या वरच्या थरातल्या पेशी तीन ते सहा दिवसांत झडून नव्या येतात. सतत चालू असलेलं बांधकाम आहे ते. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोनसुद्धा जठरातूनच सुटतं, जेवायची वेळ जवळ आली की आधीच चढायला लागतं, म्हणून तर रोज एकला जेवणाऱ्याला बारा-साडेबारापासूनच चुळबुळ सुरू होते.

कॅन्सरचा मुद्दा या बांधकामातनं येतो. जिथं पेशी सारख्या दुभागतायत तिथं नक्कल करताना चुका होणारच. चूक झाली तर दुरुस्त करायची, नाही जमली तर ती पेशी मारून टाकायची, अशी व्यवस्था आहे. आणि या व्यवस्थेच्या वायरी घड्याळाला जोडलेल्या आहेत. कधी दुभागायचं हे ठरवणारे काही जीन क्लॉक-बीमॅलची मोटरच चालू-बंद करते. डीएनएची एका प्रकारची दुरुस्ती करणारं एक्सपीए नावाचं प्रोटीन दिवसात वर-खाली होतं. हे ज्यांनी दाखवलं त्या अझीझ संजार यांना 2015 मध्ये डीएनए दुरुस्तीच्या कामासाठी केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. बिघडलेल्या पेशीला थांबवणारं पी-53 म्हणून एक प्रोटीन आहे, पर-2 त्याला धरून राहतं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका लॅबनं पर-2 मोडलेले उंदीर घेऊन त्यांच्यावर रेडिएशन सोडलं तर त्यांना साध्या उंदरांपेक्षा जास्त गाठी झाल्या. तेव्हापासून लोक गंभीरपणे विचारायला लागले की घड्याळ मोडणं हे कॅन्सरच्या वाटेवरचं एक पाऊल आहे का.

आता येऊ मामींच्या फोनमधल्या वाक्यावर, "असा पेशंट लवकर जातो."

जठराच्या कॅन्सरमध्ये घड्याळाच्या जीनवर जे अभ्यास झालेत ते दोन वेगळ्या प्रकारचे आहेत आणि फॉरवर्डवाले त्यांची खिचडी करतात. पहिला प्रकार, जन्मजात स्पेलिंगचा फरक. तुमच्या माझ्या जीनमध्ये कुठंकुठं एखादं अक्षर वेगळं असतं, जसं कोण आडनाव ऱ्हस्व लिहितं कोण दीर्घ. रक्तातून ते तपासता येतं. चीनमध्ये शेकडो पेशंटांचं रक्त घेऊन बघितलं की पिरियड आणि क्रायमधली अमुक अक्षरं असलेले किती वर्षं जगले, किमोला त्यांनी कसा प्रतिसाद दिला, आणि काही अक्षरांशी थोडाफार संबंध दिसला. दुसरा प्रकार, ट्यूमरचा तुकडा घेऊन त्यात हे जीन किती जोरात चालू आहेत ते मोजायचं. इथं स्पेलिंगचा संबंध नाही, आवाज किती मोठा ठेवलाय त्याचा आहे. हा फरक आईबापाकडून आलेला नसतो, तो त्या गाठीत तयार झालेला असतो.

दुसऱ्या प्रकारातले दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचले तेव्हा मी चक्रावलो. दोन्ही 2014 चे. तैवानच्या एका टीमनं सांगितलं, जठराच्या ट्यूमरमध्ये पर-2 वाढलेलं आहे, आणि कॅन्सर तिसऱ्या-चौथ्या स्टेजला गेलेल्यांत क्राय-1 जास्त आहे. चीनच्या एका टीमनं सांगितलं, ट्यूमरमध्ये पर-1 आणि पर-2 दोन्ही कमी आहेत, आणि ज्यांचं कमी त्यांचं आयुष्यही कमी. एक म्हणतो पर-2 वर, दुसरा म्हणतो खाली. दोघंही प्रामाणिक, दोघांनीही माणसांचेच तुकडे तपासलेले.

हे असं का होत असेल याचा विचार करताना मला परत टाकीच आठवली. समजा तुम्ही मला विचारलं की त्या घराच्या टाकीचा बॉल बिघडलाय का बघून ये. मी जिना चढून झाकण उघडलं, आत अर्धी टाकी पाणी. यावरनं मी काय सांगणार? मोटर आत्ता चालू असून पाणी चढतंय, का वापर होऊन उतरतंय, का बॉल अडकून अर्ध्यावरच थांबलंय, एकदा बघून कळतच नाही. दर दोन-तीन तासांनी जाऊन बघायला लागेल, तेव्हा कुठं समजणार. बायोप्सी, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढणं, हे ते एकदाच झाकण उघडून बघणं आहे. पर-2 सारखी वस्तू मुळातच दिवसभर वर-खाली होते, एका पेशंटचा तुकडा सकाळी साडेनऊला काढलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन चारला संपलेलं, तिसरा आदल्या महिन्यापर्यंत नाईट करत होता, चौथ्याला आठवडाभर झोपच नाही. सगळे तुकडे एका टेबलावर ठेवून कमी-जास्त ठरवलं तर त्यात कॅन्सरचा फरक किती आणि घड्याळातल्या वेळेचा फरक किती? शेजारचा चांगला भाग त्याच वेळी घेऊन तुलना करतात तेव्हा हे थोडं सांभाळलं जातं, पण थोडंच, कारण गाठीचं घड्याळ शेजारच्या पेशींबरोबर चालत असेल असं नाही. घरी येऊन मी मामांच्या बायोप्सीचा रिपोर्ट मुद्दाम काढून बघितला. तारीख आहे, तुकड्याचा आकार मिलिमीटरमध्ये आहे, डॉक्टरची सही आहे. वेळेचा रकाना नाहीच.

म्हणून माझं मत असं झालंय की घड्याळाचे जीन आणि जठराच्या कॅन्सरचा संबंध खरा आहे, फार महत्त्वाचा आहे, पण आज एखाद्या माणसाच्या रिपोर्टकडे बघून "ह्याचं घड्याळ बिघडलंय, हा लवकर जाणार" असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. आणि असली जीन टेस्ट करून घ्या म्हणून हजारो रुपये मागणारा कोणी भेटला तर त्याला नको म्हणा. ट्यूमरवर करायच्या तपासण्या वेगळ्या आहेत, हर-2 (गाठीच्या पेशींना वाढायला लावणारं प्रोटीन) आहे का, एमएसआय (गाठीत डीएनएच्या दुरुस्तीचा बिघाड आहे का ते सांगणारी खूण) कसं आहे, पीडी-एल-1 (प्रतिकारशक्तीला थोपवणारं प्रोटीन) किती, या तिन्हींवरनं औषध बदलतं. हर-2 पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब देतात, 2010 च्या मोठ्या ट्रायलमध्ये पुढे गेलेल्या कॅन्सरच्या पेशंटांचं सरासरी आयुष्य त्यानं 11.1 महिन्यांवरनं 13.8 महिन्यांवर गेलं. कागदावर पावणेतीन महिने थोडे वाटतात, ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला विचारा. डॉक्टरांना हे तीन शब्द आवर्जून विचारा, मराठीत विचारा, कन्नडात विचारा, पण विचारा.

आणि सगळ्यात मोठा फरक कशानं पडतो तर स्टेजनं. अमेरिकेतल्या आकड्यांत कॅन्सर जठरापुरताच असताना सापडला तर पाच वर्षांनंतर 100 पैकी साधारण 75 जण असतात, लांब पसरल्यावर सापडला तर 7 च्या आसपास. घड्याळाच्या कुठल्याही जीननं एवढा फरक पडलेला मी कुठं वाचलेला नाही. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारतर्फे जठराची तपासणी करतात, बहुतेक दुर्बीणच, आणि तिथं जठराच्या कॅन्सरचे 70 टक्क्यांच्या वर पेशंट पाच वर्षं पार करतात. तोच कॅन्सर, तेच जीन, फक्त लवकर बघितलेला.

मग घड्याळाचा उपयोग कुठं होऊ शकतो? माझ्या मते औषधाच्या वेळेत. हा भाग मला सगळ्यात आशेचा वाटतो. फ्रान्समधल्या फ्रान्सिस लेव्ही या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर हे करून बघितलं. फाइव्ह-एफयू आणि ऑक्झॅलिप्लॅटिन ही दोन औषधं, जी जठराच्या कॅन्सरमध्ये पण देतात, मामांना पण हीच होती. पंपावर वेळ लावून फाइव्ह-एफयूचा जोर पहाटे चारला आणि ऑक्झॅलिप्लॅटिनचा दुपारी चारला येईल असं केलं. 1997 मध्ये छापलेल्या ट्रायलमध्ये साध्या पद्धतीनं औषध घेतलेल्यांत तोंड सोलवटण्याचा जोरदार त्रास 76 टक्क्यांना झाला, वेळ लावून घेतलेल्यांत 14 टक्क्यांना. गाठ कमी होण्याचं प्रमाण 29 वरनं 51 टक्क्यांवर गेलं. ज्यानं किमोत तोंड आलेलं बघितलंय, साधं ताक प्यायला पण माणूस रडतो, त्याला कळेल हे आकडे किती मोठे आहेत.

पण पुढची गोष्ट पण सांगायला पाहिजे. 2006 मध्ये 564 पेशंटांवरची मोठी ट्रायल आली, तिच्यात एकूण आयुष्यात फरक दिसला नाही. नीट बघितल्यावर कळलं की त्याच वेळापत्रकानं पुरुषांना फायदा झाला होता आणि बायकांना उलट तोटा, म्हणून बेरीज शून्यावर आली. म्हणजे सगळ्यांच्या टाक्या एकाच वेळेला भरत नाहीत. कोणाची वेळ कधी ते आधी मोजायला पाहिजे, मग औषधाची वेळ. तिथंच हे काम बरीच वर्षं अडकलं. आता इम्युनोथेरपीत, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांत, तो प्रश्न परत आलाय. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या 210 पेशंटांवर चीनमध्ये ट्रायल झाली, निम्म्यांना सुरुवातीची औषधं दुपारी तीनच्या आधी दिली आणि निम्म्यांना तीननंतर. आधीवाल्यांत आजार आटोक्यात राहण्याचा काळ जवळजवळ दुप्पट निघाला. औषध तेच, डोस तोच. हा फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, जठराचा नाही, हे लक्षात ठेवा. जठराच्या बाबतीत लॅबमध्ये हर-2 वाल्या हट्टी गाठींवर काम झालंय, ट्रास्टुझुमॅबला न जुमानणाऱ्या त्या गाठी साखर जाळण्याचं काम घड्याळाप्रमाणे, पर-1 च्या तालावर करतात असं दिसलं, आणि उंदरांना डायबेटिसची साधी मेटफॉर्मिन ठराविक वेळेला दिल्यावर ट्रास्टुझुमॅबला परत धार आली. उंदीर आहेत ते, कृपा करून कोणी घरच्या डायबेटिसच्या गोळ्या पेशंटला देऊ नका.

आता मामींचा प्रश्न. नाईटमुळंच झालं काय?

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, आयएआरसी. तिनं 2007 मध्ये आणि परत 2019 मध्ये रात्रपाळीला 2ए गटात टाकलं, म्हणजे माणसात बहुतेक कॅन्सर करत असावी असा गट. हा गट पुरावा किती भक्कम ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. 65 डिग्रीच्या वरचं कढत चहापाणी पण याच गटात आहे. आणि रात्रपाळीच्या बाबतीत जिथं संबंध दिसला ते कॅन्सर म्हणजे स्तनाचा, प्रोस्टेटचा, मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा. जठराचं नाव त्यात नाही. जठराच्या कॅन्सरची पक्की ठरलेली कारणं वेगळी आहेत, त्यात पहिला नंबर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा. 1984 मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, 2005 चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं, आणि आयएआरसीनं 1994 पासूनच त्याला पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणारा, असं ठेवलंय. आपल्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात तो असतो, बहुतेकांना काही होत नाही, पण वर्षानुवर्षं अस्तराला सूज राहिली की थोड्यांचं पुढं जातं. त्यानंतर बिडी-सिगारेट, आणि जास्त खारवलेलं खाणं. मामा बिडी ओढायचे, निपाणीची, दिवसाला एक कट्टा, नाईटला जास्त कारण झोप उडवायला. खारा मासा आणि खरडा ताटात रोज. बायोप्सीत एच पायलोरी पण निघाला होता.

हे मी मामींना सांगितलं ते मामांवर ठपका ठेवायला नव्हे. भट्टीपुढं रात्र काढणारा माणूस बिडी का ओढतो हे मला ठाऊक आहे. सांगितलं ते यासाठी की त्या दोन वर्षांच्या नाईटचं ओझं मामींच्या मनावरनं उतरावं. "मामी, तुम्ही नाईट घ्या म्हटला नसता तरी तो जंतू पोटात होताच," असं म्हटलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, "तो जंतू पोरांना पण असंल काय?" इतका योग्य प्रश्न मला बायॉलॉजीच्या वर्गात कोणी विचारला नव्हता.

घरी आता काय चालू आहे ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर बरं. मामांचं जठर जवळजवळ सगळं काढलंय, त्यामुळं एकदम जेवण चालत नाही, दिवसात सहा वेळा थोडं थोडं. मामींनी सहा छोटे स्टीलचे डबे केलेत, वेळा ठरलेल्या, सकाळी सातची नाचणीची आंबील ते रात्री आठचा मऊ भात. डॉक्टरांनी सहा वेळा का सांगितलं त्याचं कारण जागा कमी आणि गोड किंवा जास्त एकदम गेलं की घाम फुटून गरगरतं हे, पण वेळा रोज त्याच ठेवल्या की आतड्या-लिव्हरच्या घड्याळांना पण आधार मिळतो. बी-ट्वेल्वचं इंजेक्शन कायमचं आहे, कारण ते शोषून घ्यायला लागणारा पदार्थ जठरातच तयार व्हायचा. किमोच्या दिवशी जे स्टेरॉइड देतात त्यानं झोप उडते, मामा रात्र रात्र बसून असायचे, ते डॉक्टरांना सांगितल्यावर घरच्या गोळ्या सकाळी घ्यायला लावल्या आणि फरक पडला. सकाळी अर्धा तास गच्चीवर उन्हात, दुपारची झोप पाऊण तासाच्या वर नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या 192 पेशंटांच्या मनगटाला हालचाल मोजणारं यंत्र बांधून 2000 साली एक अभ्यास छापला होता, त्यात ज्यांचा दिवस दिवसासारखा आणि रात्र रात्रीसारखी होती ते जास्त जगले. आता त्यात जे जास्त आजारी त्यांचीच झोप मोडणार हेही आहे, त्यामुळं झोपेनं आयुष्य वाढलं असं मी म्हणणार नाही. पण झोपलेला मामा दुसऱ्या दिवशी दोन घास जास्त खातो हे मी डोळ्यानं बघतोय.

आणि मामींच्या त्या प्रश्नाचं. आईबाप किंवा भावंडात कोणाला जठराचा कॅन्सर असेल तर धोका साधारण दोन-तीन पट धरतात. मामांचा थोरला मुलगा आता त्याच भागात दुसऱ्या कारखान्यात आहे, आठवडा फर्स्ट, आठवडा नाईट. त्याला तीन महिने जळजळतंय आणि तो पण बापासारखीच ॲसिडिटीची गोळी खात होता. आधी म्हणाला, "दादा, मी मेडिकलवाल्याला विचारलो, काही नाही म्हटला." डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, ती गोळी चालू असली की एच पायलोरीची तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते, म्हणून निदान दोन आठवडे आधी बंद करायची. बंद करून आज बारावा दिवस आहे. दुर्बीण येत्या गुरुवारी सकाळी आहे, बुधवारची नाईट त्यानं बदलून घेतलीय, रात्री आठला जेवून पुढं काही खायचं नाही. मामी म्हणाल्यात, मी पण येणार.